खुराड्यावरची ताडपत्री

वहिनीच्या कोंबड्या रोगाने मेल्या नव्हत्या, माझ्यामुळे मेल्या होत्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. वहिनी जाऊन आता महिना होऊन गेला. विश्रांतवाडीच्या घरी माणसं भेटायला येत होती, तिच्याबद्दल भरभरून बोलत होती, आणि मी नुसता मान हलवत होतो...

आई गेल्यावर, कॉलेजात असतानाच, मी दादाकडे राहायला आलो. माझ्या डब्यात वहिनी रोज एक उकडलेलं अंडं घालायची. ते दादाच्या वाटणीचं असायचं, हे मला फार उशिरा कळलं. अंडी घरचीच. मागच्या अंगणात तिचं खुराडं होतं, थोड्या गावठी कोंबड्या आणि एक शेळी. उन्हाळा लागला की तिचा सगळा दिवस त्यांच्याभोवती फिरायचा. दाणे टाकायचे ते पहाटे आणि ऊन उतरल्यावर, कारण भर दुपारी पोट भरलं की अंग जास्त तापतं. मातीच्या परातीत गार पाणी, खुराड्याच्या दोन बाजूंना ओली गोणपाटं, आणि वाऱ्याच्या बाजूची जाळी मात्र सताड उघडी. मी चिडवायचो, "वहिनी, आता पंखाच लावा त्यांना." ती म्हणायची, "लावला असता भाऊजी. पण अंडी देऊन पुन्हा बिलही त्यांनीच भरायचं का? तुम्ही तर नुसतेच खाता."

मला नोकरी लागली आणि स्थळं येऊ लागली. ऐन मे महिन्यात कर्वेनगरची मंडळी घर बघायला येणार होती, मुलीसकट. वहिनी आंबे आणायला बाजारात गेली होती. बाहेरच्या खोलीत बसलं की मागच्या खिडकीतून थेट खुराडं दिसायचं. मला लाज वाटली. शेळी शेजारी नेऊन बांधली, कोंबड्या आत कोंडल्या आणि चारी बाजूंनी ताडपत्री ओढून दोरीने आवळून टाकली. वास नको, आवाज नको. वहिनी परतली तेव्हा पाहुणे दारातच होते, ती तशीच स्वयंपाकघरात शिरली. बैठक लांबली. उठताना मुलगी मला म्हणाली, "मागे कोंबड्या आहेत ना? बघू का?"

"झोपल्यात त्या," मी म्हणालो.

"दुपारच्या?" ती हसली. वहिनीने माझ्याकडे बघितलं.

दादा पाहुण्यांना कोपऱ्यापर्यंत पोचवायला गेला, तेवढ्यात तिने दोरी सोडली. कोंबड्या चोची उघड्या टाकून, पंख पसरून पडल्या होत्या. एकीची मान अजून हलत होती. तिच्या चोचीत वहिनी बोटाने पाणी सोडत राहिली... तीही राहिली नाही. दादा आला. मी तोंड उघडणार, तोच वहिनी म्हणाली, "मानमोडी असणार. परवा बाजारातून नवी कोंबडी आणली ना, तिनंच रोग आणला." ताडपत्री तोवर तिच्या काखेत घडी होऊन गेली होती.

"तरी सांगत होतो, बाजारातलं काही उचलून आणू नकोस," दादा म्हणाला. हे वाक्य त्याने पुढे वर्षानुवर्षं ऐकवलं. घरात नवी कोंबडी आली की हटकून. कितीदा तरी मी समोर जेवत असायचो. वहिनी मला वाढत असायची.

एकदाच विचारलं मी, का केलंत असं. ती तांदूळ निवडत होती. "पाहुणे अजून कोपऱ्यावरच होते, रिक्षात बसले नव्हते. तुमच्या दादांचा आवाज गल्लीभर जातो. कोंबड्या काय, पुन्हा पाळता येतात." मग वर न बघता, "ताडपत्री तेवढी पुन्हा बांधू नका."

ती मुलगी म्हणजे माझी बायको. कोंबड्यांचा उन्हाळा ती वहिनीकडूनच शिकली, त्या दोघींचं गूळपीठ मी वर्षानुवर्षं बघितलं. माझ्या घरातलं जे काही चांगलं आहे ते वहिनीच्या त्या एका खोट्यामुळे आहे. पूर्वी हे आठवलं की मान खाली जायची. आताही जाते, पण हातही जोडले जातात.

दादाची नजर गेली आहे, त्याला वाचता येत नाही. परवा तो म्हणाला, "भोळी होती रे. बाजारात कुणीही काहीही गळ्यात मारायचं तिच्या." हा लेख त्याच्याशेजारी बसून, मोठ्याने वाचून दाखवणं माझ्याकडे बाकी आहे.