पांढरा राजा सापडू नये म्हणून

वर्णन : मध्यम उंचीचा पुरुष, वापरलेला, पण सुस्थितीत. रंग मूळचा, माथ्यावरचा मुलामा बराच उडालेला. बूड जड असल्याने सहसा डगमगत नाही. वजनमापे खात्यातून निवृत्त. जुने लाकडी बुद्धिबळसंच जमवणे व ओळखणे यांत जाणकार. ओळखण्यात आजवर चूक : एकही नाही. पत्नी एक. मुलगा एक, सध्या बाहेरगावी. डागडुजी, उणीव, हरवलेला भाग : काही नाही.

हे वर्णन संग्राहक मंडळाच्या चिटणिसांनी घोडेमास्तरांच्या सत्काराला वाचून दाखवलं. संचाची नोंद ज्या भाषेत करतात त्याच भाषेत माणसाची करायची, ही चिटणिसांची विनोदबुद्धी. सभागृह हसलं. मास्तरही हसले, कारण समोर फोटो काढणारा उभा होता. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने नेमका ‘बाहेरगावी’ या शब्दाला पेला उचलून तोंडाला लावला. पेला रिकामा होता.

घोडेमास्तर हे नाव जुन्या बाजाराने दिलेलं. त्यांनी कधी कोणाला शिकवलं नाही आणि घोड्यावर बसण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण बुद्धिबळाचा राजा, वजीर, प्यादी कोणीही बरा कातारी लेथवर कातून देतो. घोडा मात्र हाताने कोरावा लागतो. त्यामुळे कोरणाऱ्याचा हात घोड्याच्या आयाळीत आणि नाकपुडीत उरतो. मास्तर घोडा उचलत, नखाने त्याचा जबडा चाचपत आणि सांगत, कोणत्या कारखान्याचा, साधारण कोणत्या काळातला, आणि डावा कान कोणी मागाहून चिकटवलाय. बाजारात म्हणत, मास्तरांपुढे घोड्याने तोंड उघडायचा अवकाश, सात पिढ्या बाहेर पडतात.

माणसांच्या बाबतीत ही विद्या चालत नसे.

घरच्या संचांपैकी एकच काचेच्या कपाटात होता. अर्धे मोहरे पिवळ्या कठीण लाकडाचे, अर्धे शिसवी. बुडात शिसं भरलेलं, तळाला हिरव्या लोकरी कापडाची बनात. तो खेळायचा संच नव्हता, पाहायचा होता. मुलगा रांगता असताना एकदा त्यातला पांढरा राजा त्याच्या हाती लागला, आणि हिरड्या शिवशिवत असल्यामुळे त्याने तो मनसोक्त चावला. त्या दिवशी मास्तरांनी बायकोला जे ऐकवलं ते तिने जपून ठेवलं. दातांचे खड्डे मात्र त्यांनी रंग मिसळलेल्या मेणाने भरले, वरून लाखेचा हात फिरवला. काम इतकं बेमालूम उतरलं की पुढे भिंग लावूनही त्यांचं त्यांनाच दिसेना. याचा त्यांना अभिमान होता.

मुलगा मोठा झाला, छापखान्यात लागला, तिथून सुटला, आणि एके दिवशी काचेचं कपाट उघडून त्याच संचावर एकटाच दोन्ही बाजूंनी खेळत बसला.

“ठेव ते जागेवर,” मास्तर म्हणाले. “खेळायला दुसरे आहेत.”

“दुसऱ्यांत मजा नाही.”

“यातला एक मोहरा गेला ना, तर अख्खा संच कवडीमोल होतो. कळतंय का?”

“आणि मी गेलो तर?”

“तू गेलास तर एक खोली मोकळी होईल.”

हे आपण गमतीने म्हणालो, असं मास्तरांचं म्हणणं. त्यांची गंमत घरात कोणालाच कधी ओळखता आली नव्हती. सकाळी खोली मोकळी होती. कपाटात पांढऱ्या राजाची जागाही.

पोलीस ठाण्यात हवालदाराने उंची विचारली. “माझ्याएवढा असेल,” मास्तर म्हणाले. डोळे? “डोळे... नेहमीसारखे.” एखादी खूण? मास्तर आठवू लागले. बायको म्हणाली, डाव्या भुवईत वण आहे, झोक्यावरून पडला होता. सोबत काय नेलंय, असं विचारल्यावर मात्र मास्तरांनी राजाची उंची, बुडाचा घेर, डोक्यावरच्या फुलीची जाडी आणि बनातीची छटा धडाधड सांगितली. हवालदार लिहिता लिहिता थांबला. “साहेब, तुमचं नक्की हरवलंय काय?” त्याने साधेपणाने विचारलं. बायकोने त्या वेळी मास्तरांकडे पाहिलं नाही. नंतर पाहिलं असतं तरी चाललं असतं, पण नंतरही पाहिलं नाही.

तेव्हापासून मास्तरांनी जुन्या बाजाराचा एक वार चुकवला नाही. बाजाराला वाटे, बिचारे राजा शोधतायत. एक भंगारवाला तर मायेपोटी मिळेल तो पांढरा राजा त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवी. मास्तर एकेक उचलत, उलटा करून बनात पाहत आणि खाली ठेवत.

“नाही?”

“नाही.”

“पुढच्या खेपेला मिळेल, मास्तर. देव आहे.”

“हो,” मास्तर म्हणत, आणि परतताना त्यांची पावलं हलकी पडत.

कारण हिशेब सरळ होता. मुलाने राजा विकला, तर तो इथे येणार. फेकला तरी फिरून इथेच येणार. आणि मुलाचं बरंवाईट झालं तर नक्कीच येणार. मेलेल्यांचं सगळं शेवटी बाजारात येतं, मास्तरांचा अर्धा संग्रह त्याच वाटेने आला होता. राजा आला नाही, म्हणजे तो अजून कोणाच्या तरी खिशात आहे, आणि त्या खिशात अजून हात आहे. मास्तर बाजारात जात ते राजा सापडला नाही याची खात्री करायला.

हे फक्त बायकोला ठाऊक होतं. “मिळाला?” ती दारातच विचारी. “नाही.” “बरं झालं.” घरात एवढंच बोलणं नियमाने होई.

सत्कारानंतरच्या एका वारी भंगारवाल्याने राजा वेगळ्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. “हा बघा. या वेळी पेढे तयार ठेवा.”

मास्तरांनी तो हातात घेतला. भिंग खिशातून काढायची गरज पडली नाही. बुडाचं वजन तळव्याला ओळखीचं लागलं.

“कुठून आला?”

“स्टेशनमागच्या भाड्याच्या खोल्या आहेत ना, तिथून. मालकाने एक खोली रिकामी केली. एक कोट, एक गादी, एक स्टोव्ह आणि हा.”

“आणि माणूस?”

“मी सामान घेतो, मास्तर. माणसाचं मला काय माहीत?”

मास्तरांनी फुलीवरून अंगठा फिरवला. मग बनात पाहिली. मग पुन्हा फुली. भंगारवाला मोकळं फडकं हातात धरून उभा होता. त्याला खरंच आनंद व्हायचा होता.

“नाही,” मास्तर म्हणाले. “हा आपला नाही. फुली जाड आहे.”

“नाही?” त्याचा चेहरा पडला. पण मास्तरांच्या शब्दावर शब्द काढायची बाजारात रीत नव्हती. “मग असाच घेऊन जा. लागेल कुठल्या तरी लंगड्या संचाला.” आणि त्याने राजा त्यांच्या पिशवीत टाकला. फुकट मिळालेला मोहरा नाकारणारा संग्राहक कोणी पाहिला नव्हता, म्हणून मास्तरांना नाकारता आलं नाही.

“मिळाला?” बायकोने दारात विचारलं.

“नाही.”

या वेळी ती ‘बरं झालं’ म्हणाली नाही. उत्तर यायला जरा उशीर झाला होता. तिने पिशवी घेतली, कांदे काढले, साबण काढला, आणि तळाशी हात थांबला.

“हा?”

“हा दुसराच. फुली बघ ना, जाड आहे.”

“मला फुलीतलं कळत नाही.” तिने पातेल्यात पाणी उकळत ठेवलं, राजाची मान चिमट्यात धरली आणि त्याचं बूड वाफेवर नेलं.

“अगं, लाख फुटेल.”

“फुटू दे.”

“वाफेने लाकूड तडकतं, बनात सुटते...”

“अहो, तुमचा नाही ना तो? मग तुमच्या जिवाला घोर कसला?”

मास्तर खिडकीकडे वळले. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादरी वाळत घालत होतं. त्यांनी त्या चादरी फार बारकाईने पाहिल्या. मागे शेगडीवर काहीतरी टपकून चर्रकन जळलं, आणि मेणाचा वास आला. मेण त्यांनी स्वतः कालवलेलं होतं. वास कशाचा, हे कोणाला विचारावं लागलं नाही.

बायकोने राजा वाफेवरून काढला आणि त्याचं बूड उजेडात धरलं.

“खोली कुठली म्हणाला तो?”

“स्टेशनमागची.”

“गेला होतात?”

“कसा जाणार? आपला नाही म्हणून सांगून बसलो होतो.”

“त्या खोलीतला माणूस कुठे गेला, एवढं तरी मालकाला विचारायचं.”

“विचारलं असतं, तर तो आपलाच झाला असता,” मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा होता, पण बूड सुटल्यासारखा.

तिने शेगडी बंद केली. राजा फडक्याने पुसला, मुठीत धरला, पायात चपला सरकवल्या. “येताय?” असं विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली नाही. मास्तर खिडकीपासून वळले, दारापाशी आले. जिन्यावर तिची पावलं खालच्या मजल्यापर्यंत ऐकू आली. मग ते एकेक पायरी करत तिच्यामागे उतरू लागले.

मंडळाच्या दप्तरी त्यांची चूक अजून एकही नाही. राजाच्या बुडाशी, बनातीच्या जरासं वर, दोन दुधाच्या दातांच्या खुणा आहेत.