फवारणीनंतरची हाक

साठ-बासष्टच्या सुमारास सिल्वासात आमच्या ओळीत डीडीटी फवारणारा माणूस दोन दिवसांनी रिकामं पोतं घेऊन परत यायचा. दाराशी वाकून हळूच हाक मारायचा, "मनी, मनी." फवारलेल्या भिंतींना अंग घासून मांजरं ते चाटत आणि मरत. आमची मनीही चुलीमागे ताठ झाली होती. त्याने तिला मूल निजवावं तशी पोत्यात ठेवली.

"तुमच्या साहेबांच्या कानावर घाला की," मी चिडून म्हटलं.

"मग फवारणी बंद पडेल, बेन. माझी पोरगी तापानं गेली."

त्या वर्षी आमच्याकडे कुणालाच हिवताप आला नाही. उंदीर मात्र भरदिवसा फिरत. मांजर एकही उरलं नाही, तरी तो यायचा, तशीच हाक मारायचा. माझी धाकटी लेक आतून 'ओ' द्यायची. मी तिचं तोंड दाबून धरायचे.