सांगून सांगून

कोल्हापुरात या चित्रकार काकांइतकं हळू बोलणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. शिवाजी पेठेतल्या माझ्या फ्रेमच्या दुकानात ते नेहमी येतात. खुर्ची दिली तरी उभेच राहतात, बोटांवरचा रंग नखानं खरवडत. त्यांची शाहूवाडीकडच्या भातखाचरांची चित्रं कुणी घेत नव्हतं.

मीच म्हणालो, "काका, नुसतं चित्र टाकून भागत नाही. त्यामागची गोष्ट मोबाईलवर व्हिडिओ करून सांगा."

"चित्रात हाय की सगळं."

तरी एकदा त्यांनी वारलेल्या बायकोचं चित्र दाखवत व्हिडिओ केला. दवाखान्यात ती शेवटी काय बोलली, तेही सांगितलं. व्हिडिओ गावभर फिरला. आमच्या गेलेल्या आईचं काढा, भावाचं काढा, असे फोन सुरू झाले. प्रत्येकाला तीच गोष्ट पुन्हा ऐकायची असे, आणि ते सांगत.

आता ते फक्त गेलेल्या माणसांची चित्रं आणतात. परवा मी विचारलं, "काकूंच्या चित्राला फ्रेम नाही करायची?"

"त्याच्यावर पांढरा रंग मारला. सांगून सांगून ती माझी ऱ्हायली न्हाय."

मग कुणाच्या तरी आईचं चित्र त्यांनी टेबलावर ठेवलं आणि मी माप घेईपर्यंत रस्त्याकडे बघत उभे राहिले.