घराचं नाक

उलुसी आमच्या ध्रुवाकडच्या गावात पार्का, म्हणजे टोपीचे जाड फरकोट, शिवते. सदुसष्ट वर्षांची, बर्फाच्या घरात जन्मलेली, आणि हे ती दर दोन वाक्यांनी ऐकवते. "तुम्ही लाकडी घरातली नाजूक पोरं," असं ती मला, पन्नाशीच्या शेजारणीला, म्हणते. मी ऐकून घेते.

त्या जानेवारीत मात्र तिचं तोंड बंद होतं. चौदा महिन्यांची नात निव्ही पुन्हा खोकत होती. मागच्या हिवाळ्यात तिला नाकात नळी घालून विमानाने मोठ्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्याच्या आदल्या हिवाळ्यात थोरला नातू अपाक असाच विमानाने गेला, तो परत आला नाही.

तीन खोल्या, अकरा माणसं. खिडक्यांना आतून पाण्याचे ओघळ, पलंगामागच्या भिंतीवर काळी बुरशी. उलुसी ती पुसायची, चार दिवसांत पुन्हा यायची. मग पोरीला मांडीवर घेऊन ती तिचे श्वास मोजत बसायची.

नर्स म्हणाली, हवा खेळती ठेवा. बाहेर उणे अडतीस असताना खिडकी उघडा म्हणणारीला काय बोलायचं?

शेवटी घरदुरुस्तीवाला तिचा भाचा जोनासी आला. शिडी लावून त्याने छताजवळची जाळी काढली. आतून जाड लोकरी कापडाचा शिवलेला मोजा निघाला, उलुसीच्याच टाक्यांचा.

"आत्या, हे काय?"

"तिथून गार वारा यायचा पोरांच्या डोक्यावर. बुजवलं."

"अगं, ते हवा बदलायचं यंत्र आहे!"

"घाल चुलीत तुझं यंत्र. पोरं गारठू देऊ?"

घरं देणाऱ्या ऑफिसच्या कागदावर त्या यंत्राला हातभर लांब शब्द आहे. तो आमच्यात कुणालाच उच्चारता येत नाही. जोनासी शिडीवरच बसला आणि म्हणाला, "आत्या, ते घराचं नाक आहे."

उलुसीचा चेहरा उतरला. बर्फाच्या घराच्या माथ्यावर दिव्याचा धूर आणि माणसांचा श्वास जायला भोक ठेवतात, त्याला आम्ही नाकच म्हणतो.

"वादळात ते बुजायचं," ती हळू म्हणाली. "काठीने मोकळं करायचं काम माझं. सहा वर्षांची होते. एकदाही चुकले नाही."

निव्ही खोकली. जोनासीने बटण दाबलं, यंत्र घरघरलं, गार हवा खाली उतरली. उलुसीने पार्का चढवला, नातीला आत छातीशी ओढलं आणि त्याच झुळकेखाली बसली. बराच वेळ ती हातातला मोजा उलटासुलटा करत होती.

"हा मी कधी कोंबला गं?" तिने मला विचारलं. "अपाक गेला त्याच्या आधी की नंतर?"

"नंतर," मी म्हटलं.

तो तिने शिवला आणि त्याच दिवशी वर कोंबला, सुई मीच ओवून दिली होती. अपाक तेव्हा आमच्या पायाशी खेळत होता.