इन्स्पेक्टरचा मराठी आवाज

परदेशी मालिकांचे मराठी संवाद लिहिण्याचं काम मी काही वर्षं केलं. बिबवेवाडीच्या एका गल्लीत, खाली फरशीचं दुकान आणि वर आमचा स्टुडिओ. दुकानात कटर सुरू झाला की वर रेकॉर्डिंग थांबायचं. खोलीत आवाज येऊ नये म्हणून भिंतींना जाड स्पंज लावला होता, पण कटरपुढे त्याचं काही चालायचं नाही. आम्ही सगळे फरशी कापून होईपर्यंत चहा पीत बसायचो.

तिथेच माझी दादांची ओळख झाली. ते पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी आवाज द्यायला यायचे. मूळचे चंद्रपूरकडचे. गावाकडे जयंतीच्या कार्यक्रमांत भाषणं करून करून आवाज तयार झालेला. बदली होऊन पुण्यात आले, वाघोलीला घर घेतलं, आणि कुणाच्या तरी ओळखीने स्टुडिओत पोचले. मी त्यांना दादा म्हणायचे, ते मला ताई. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे होते, पण बोलण्यात कधी मोठेपणा नव्हता.

आमची पहिली मालिका गुन्हेगारीची होती. कुठल्याशा थंड देशातलं बंदराचं गाव, सतत धुकं, आणि प्रत्येक भागात एक प्रेत. इन्स्पेक्टर पन्नाशीचा, बायको सोडून गेलेली, फारसा बोलायचा नाही. तो दादांना मिळाला. पहिल्याच दिवशी माझी पंचाईत झाली. त्या माणसाची वाक्यं एवढीएवढीशी, आणि मी लिहिलेलं मराठी लांबलचक. तो तोंड मिटून खिडकीबाहेर बघायला लागला तरी आमचं क्रियापद यायचंच होतं. रेकॉर्डिंग करणारे गृहस्थ अस्सल पुणेरी. ते काचेपलीकडून शांतपणे म्हणाले, "ताई, हा माणूस खुनाची चौकशी करतोय, मुंजीचं आमंत्रण देत नाहीये."

मी चिडले, पण दादा म्हणाले, थांबा, आपण बघू. त्यांनी माझं वाक्य हातात घेतलं, दोनदा पुटपुटले आणि अर्धं गाळून टाकलं. "काल रात्री तुम्ही कुठे होता हे आम्हाला समजलं पाहिजे" असं मी लिहिलं होतं. त्यांनी फक्त "काल रात्री?" असं म्हटलं. ओठ बरोबर बसले. शिवाय त्या दोन शब्दांत असं काहीतरी होतं की पडद्यावरचा संशयित घाबरला तो त्यांच्यामुळेच, असं वाटलं. संवाद कसे लिहायचे हे मी त्या दिवसापासून शिकत गेले.

त्यांचा तो आवाज घरचा नव्हता. मधल्या वेळेत घरी फोन करायचे तेव्हा "जेवून घेजा, मले उशीर होईन" असं बोलायचे. माइकसमोर उभे राहिले की स्वच्छ पुस्तकी मराठी, एकेक ण आणि ळ जागच्या जागी. मी एकदा विचारलं, हे कसं जमतं. ते म्हणाले की पुण्यात आल्यावर ऑफिसात लोक माझ्या बोलण्याला हसायचे, तेव्हा शिकलो. तेवढं सांगून त्यांनी पुढचा कागद घेतला.

मग अंतराळाची मालिका आली. एक जहाज पृथ्वीवरून निघालेलं, परतीची वाट नाही, आतली माणसं एकेक करून कमी होत जातात. तिच्यात दादा जहाजाच्या यंत्राचा आवाज होते. मूळ मालिकेत तो आवाज सपाट होता, दादांनी त्याला थोडी माया दिली. "प्राणवायू संपत आला आहे" हे वाक्य त्यांनी असं म्हटलं होतं, जणू घरातलं कुणीतरी तापलेल्या मुलाच्या कपाळावर हात ठेवून बोलतंय. मालिका दाखवणाऱ्या कंपनीकडून सूचना आली की यंत्राने इतकं हळवं होऊ नये. त्यांनी परत केलं, सपाट. मला पहिलंच आवडलं होतं.

तिसरी मालिका शाळेतल्या मुलांची. प्रेमं, भांडणं, मोबाइलवरून पसरलेल्या अफवा. इथे मी पूर्ण हरले, कारण त्या वयाच्या मुली आता कशा बोलतात ते मला माहीतच नव्हतं. दादांची मुलगी तेव्हा वाघोलीच्या कॉलेजात होती. ते तिला घेऊन आले. तिने माझे कागद वाचले आणि अगदी नम्रपणे सांगितलं की काकू, असं कुणी बोलत नाही, असं बोललं तर लोक उठून जातील. "मला तुझा राग येतो" खोडून तिने "तू ना, डोक्यात जातोस" लिहिलं. शेवटी एका मुलीचा आवाज तिलाच मिळाला. दादा त्या शाळेचे मुख्याध्यापक झाले. एका भागात मुख्याध्यापक त्या मुलीला शाळेतून काढतात. बापलेक वेगवेगळ्या माइकसमोर उभे राहून एकमेकांशी भांडले, आणि बाहेर आल्यावर दोघं एकाच बाटलीतून पाणी प्यायले. वहिनी, म्हणजे त्यांची पत्नी, त्या दिवशी आल्या होत्या. काचेमागे बसून त्या तोंडावर पदर धरून हसत होत्या. आमच्या स्टुडिओतला तो सगळ्यात चांगला दिवस होता, हे तेव्हा कुणाला कळायचं कारण नव्हतं.

इन्स्पेक्टरच्या मालिकेचा पुढचा सीझन आला तेव्हा त्यांचा आवाज बसायला लागला होता. पहिल्यांदा आम्ही एसीला दोष दिला. मग चहाला, मग फरशीच्या धुळीला. ते मिठाच्या गुळण्या करायचे, ज्येष्ठमध चघळायचे. रेकॉर्डिंगवाले म्हणाले, इन्स्पेक्टरला शोभतोय, राहू द्या. खरंच शोभत होता. त्या खरखरीत आवाजात केलेले भाग इतके चांगले झाले की वरून कौतुकाचा मेल आला, आणि तो आम्ही त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

तपासण्या झाल्या तेव्हा उशीर झालेला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादांनी हे मला स्टुडिओच्या जिन्यात सांगितलं. मग विचारलं, शेवटच्या भागांचे संवाद कधी येतायत? मी म्हटलं, अजून मूळ भागच आलेले नाहीत.

"मागून बघा ना, ताई. एवढा सीझन पुरा करून जातो."

मी मागितले. मेल केले, फोन केले. भाग तयार नव्हते, तिकडेच संपादन चालू होतं. डॉक्टर थांबायला तयार नव्हते आणि वहिनी तर मुळीच नाहीत. असलेले सगळे भाग करून ते दवाखान्यात दाखल झाले. शेवटचे दोन राहिले.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेले तेव्हा त्यांच्या गळ्याला भोक होतं आणि त्यावर पांढरी जाळी. श्वास तिथूनच. बोलायचं ते मोबाइलवर लिहून दाखवायचे. लिहायचे मात्र घरच्या बोलीत. मला त्यांनी लिहून दाखवलं, "ताई, बसा न. काहून उभ्या?" इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते.

गळ्याला लावायचं एक यंत्र त्यांना मिळालं होतं. ते त्वचेवर टेकवून ओठ हलवले की घरघरत एकसुरी आवाज निघतो. सराव केला तर समोरच्याला नीट समजतं, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यांनी एकदा ते लावून मुलीला हाक मारली. मुलगी स्वयंपाकघरात होती. ती बाहेर आली, बापाकडे बघितलं, "हो बाबा" म्हणाली आणि परत आत गेली. नळ बराच वेळ चालू राहिला. त्यांनी यंत्र डब्यात ठेवलं आणि डबा कपाटात. मी जायची तेव्हा ते पुन्हा बाहेर निघालेलं मला कधी दिसलं नाही.

राहिलेले दोन भाग आले. नवा माणूस बघावा लागला. नाटकात काम करणारा, चांगला नट, समंजस. दादांनी मला मेसेज करून विचारलं की रेकॉर्डिंगला येऊ का. मला ते येऊ नयेत असं वाटत होतं, पण नको कसं म्हणणार? ते गळ्याला मफलर गुंडाळून आले, काचेमागे माझ्या शेजारी बसले. नव्या माणसाने त्यांच्या पाया पडायचा प्रयत्न केला, तो त्यांनी हाताने थांबवला.

रेकॉर्डिंग सुरू झालं. पडद्यावर इन्स्पेक्टर बोलायचा, आतला माणूस बोलायचा, आणि शेजारी दादांचे ओठ हलायचे. तेच बरोबर बसत होते. काही वेळाने त्यांनी मोबाइलवर लिहून मला दाखवलं की त्याला सांगा, वाक्याआधी श्वास घे, इन्स्पेक्टर सिगारेट ओढणारा माणूस आहे. मी सांगितलं. त्याने तसं केलं आणि ते एकदम जमलं. पुढचं सगळंच जमत गेलं. खरं सांगायचं तर त्याने काम उत्तम केलं. दादांनी त्याची पाठ थोपटली. जिना उतरताना ते मध्येच थांबले, कठडा धरून उभे राहिले. मला वाटलं दम लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. खाली कटर सुरू होता, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.

त्यानंतर वर्षाच्या आतच कंपनीने मराठी डबिंग बंद केलं. मराठी माणसं हिंदीतच बघतात, असं त्यांचं म्हणणं. त्यात खोटं काही नव्हतं. माझ्या घरीही तसंच बघायचे. स्टुडिओची जागा सुटली. मी आता घरून दुसऱ्यांनी केलेली उपशीर्षकं तपासते, तीही बहुतेक यंत्राने केलेली असतात.

दादांचा आजार उलटला होता. त्याच सुमारास मुलीचा मला फोन आला. तिला बाबांचा आवाज हवा होता. तिने मालिका उघडली तर भाषांच्या यादीत मराठी दिसत नव्हतं. अंतराळाची आणि शाळेची, या दोन मालिका तर साफ काढून टाकल्या होत्या. घरच्या फोनमध्ये काय आहे, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाढदिवसाचा एक व्हिडिओ आहे, त्यात सगळे टाळ्या वाजवतायत आणि बाबा पाठमोरे आहेत. तुझं स्वतःचं काम तरी कुठे ठेवलंयस का, असंही मी विचारलं. तिने काही ठेवलं नव्हतं. कुणीच काही ठेवत नाही. सगळं तिथे आहेच, असं आपण धरून चालतो.

मी रेकॉर्डिंगवाल्यांना गाठलं. ते आता लग्नाच्या हॉलमध्ये साउंडचं काम करत होते. एरवी या माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर एखादा शेरा तयार असायचा, त्या दिवशी नव्हता. ते म्हणाले की करारातच होतं, भाग पाठवला की आपल्याकडची प्रत पुसायची, आणि मी नियमाने पुसली. मी कंपनीला मेल लिहिले. एक उत्तर आलं, आपला संदेश संबंधितांकडे पाठवला आहे असं. त्यानंतर काहीच आलं नाही.

हे मी दादांना सांगायला गेले. ते पलंगावर उशांना टेकून बसले होते, खूप वाळले होते. मी आडवळणाने सांगत राहिले, त्यांना पहिल्याच वाक्यात समजलं. मोबाइल हातात घेऊन त्यांनी लिहिलं, "जाऊ द्या. माहा नव्हताच तो आवाज." आणि माझ्याकडे न बघता मोबाइल उलटा ठेवला. वहिनींनी तो उचलून वाचला आणि पुन्हा तसाच ठेवला.

ते थंडीत गेले. बुद्धवंदना झाली, लोक येऊन गेले. पुढच्या रविवारी मी पुन्हा वाघोलीला गेले. मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली होती. वहिनी एकट्याच होत्या, पाटावर बसून मेथी निवडत होत्या. एक जुडी संपवून त्यांनी विचारलं, यांचं शेवटचं बोलणं काय होतं, त्या इन्स्पेक्टरचं? तुम्हाला आठवत असेल.

मला आठवत होतं. धक्क्यावर एका म्हाताऱ्याच्या मुलाचं प्रेत सापडतं, आणि इन्स्पेक्टर त्याला म्हणतो, "घरी चला. इथे आता काही नाही." मी त्यांना वाक्य सांगितलं.

"कसं म्हणाले ते?" त्यांनी विचारलं.

मी ते म्हणून दाखवायला गेले. कुठे थांबले होते, "चला" वर जोर होता की नव्हता, काही आठवेना. मी पुन्हा म्हटलं, वेगळ्या तऱ्हेने. वहिनी ऐकत होत्या. मग त्यांनी मान हलवली आणि पुढची जुडी सोडली.