पूजेतला जॅक

ट्रक खाली बसला तेव्हा माझा नवरा आणि मुलगा दोघंही त्याच्याखाली होते. मुलगा ओरडला, "आई, जॅक आण!" जॅक देवघरापुढे पूजेला मांडलेला. त्याच्यावरचा झेंडूचा हार मी ओढून काढला आणि जॅक उचलून अंगणात पळाले. ओल्या हळदकुंकवानं हात घसरत होता. नवऱ्याचा आवाज आलाच नाही.

त्या दिवशी खंडेनवमी होती. आमचा ट्रक ऊस वाहायचा. त्याच्या स्प्रिंगचे पाटे ज्या ब्रॅकेटांत बसतात त्यांना मागच्या हंगामात तडे गेले होते. बाजारातली पातळ असतात म्हणून नवऱ्यानं ती घरीच करायची ठरवली. मुलगा कुपवाडला वेल्डिंग करतो. त्यानं जाड प्लेट कापून आणली. दोघांनी अंगणातच भोकं पाडली, वेल्डिंग केलं आणि नवी ब्रॅकेटं चासीला बसवली. पाटे आणि चाकं चढवायची बाकी होती. तोवर ट्रकचा मागचा भाग दोन लोखंडी घोड्यांवर टेकवलेला होता.

खंडेनवमीला हत्यारं धुऊन पूजेला मांडतात. नवरा म्हणाला, घोड्यापण मांडायच्या.

"आवं आबा, गाडी त्यांच्यावर उभी हाय," मुलगा म्हणाला.

"मग? वर्षभर वजन त्याच झेलत्यात. त्यास्नी कुंकू नको व्हय?"

गोठ्यातले दगड रचून त्यावर ट्रक ठेवला. मी म्हणाले, राहू द्या आज. "तू पुरणाचं बघ," नवरा म्हणाला. घोड्या आणि जॅक घरात गेले. मग त्यानं पाइप लावून ट्रक धुतला. सगळं पाणी त्या दगडांच्या बुडात मुरलं.

मुलानं स्टेपनी आणून एका बाजूला चासीखाली आडवी सरकवली. गाडी खाली आलीच तर अडावी म्हणून कामावर त्यांना तशी सवय लावतात.

नवरा हसला. "लय भित्रा झालास रं. उशी पण आणू का?"

पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, हा नियम घरात त्याचाच. पण आरती झाल्यावर आपली ब्रॅकेटं बघितल्याशिवाय त्याला राहवेना.

"पाना न्हाई लावत. नुसता हात फिरवतो," म्हणाला आणि खाली सरकला. "आबा, भाईर या," म्हणत मुलगा स्टेपनीच्या बाजूनं त्याला ओढायला गेला. तेवढ्यात दगड चिखलात कलले. मुलाच्या बाजूला ट्रक स्टेपनीवर अडला. दुसऱ्या बाजूला अडायला काही नव्हतं.

साताऱ्याहून माझा भाऊ आला. म्हणाला, "अक्का, दाजी सणाच्या दिवशी गेले. पुण्यवान माणूस."

मी म्हणाले, "पुण्यवान होता तर घोड्या घरात हार घालून का बसल्या होत्या?"

भेटायला आलेल्या बायका म्हणाल्या, असं बोलू नये. का बोलू नये? या माणसानं जन्मभर माझं एक ऐकलं नाही. लोकांना बरं वाटावं म्हणून त्याचं मरण मी गोड करून सांगणार नाही.

ब्रॅकेटं मात्र पक्की झाली होती. एवढा ट्रक आदळला, पण एक वेल्ड सुटला नाही. पुढं ट्रक विकला तेव्हा घेणाऱ्यानं त्यांच्यावर हात फिरवून विचारलं, कुणी केली? मी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

नवरा जागीच गेला. मुलगा वाचला. त्याचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही.