कापून टाकलेला आरसा

हसनभाईंच्या मुलीचा, शमीमचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या खबूसची रोटी आणि लोणचं खात होतो. कुटुंब पुण्यात ठेवून बहरीनच्या मनामात एकटा राहणारा माणूस गुरुवारच्या दुपारी याहून वेगळं काही करत नाही. "काका, पप्पा गेले," ती म्हणाली. आणि माझ्या तोंडून निघालं, "कुठे?" मग ती म्हणाली, "रत्नागिरीतच, काका. सकाळी चहा घेऊन आडवे झाले, ते उठलेच नाहीत." आयुष्यभर नको तिथे नको ते बोललो, पण यापेक्षा मूर्ख प्रश्न मी कुणाला विचारल्याचं आठवत नाही. हसनभाई असते तर म्हणाले असते, "पुणेकर, तू गप कधी बसशील रं?" फोन ठेवला, लोणच्याची बोटं धुतली आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. समोर भिंतीवर फोटोत ते चौघे होते. नेहमीसारखे. तिघे झोपलेले, एक जागा.

हसनभाई आमच्या कंपनीत स्टोअरकीपर होते. आम्ही एअरकंडिशनर विकायचो आणि स्वतः घामाने निथळायचो. मी हिशेब खात्यात रुजू झालो तो ऑगस्टचा महिना होता. पुण्याहून शिवून आणलेला लोकरी कोट घालून मी पहिल्या दिवशी सगळ्या खात्यांना भेटायला निघालो आणि स्टोअरपर्यंत पोचेस्तोवर डोळ्यांपुढे अंधारी आली. एका उंच, हाडकुळ्या, मोठ्या कानांच्या माणसाने मला धरून खोक्यांवर बसवलं. "कोट काढ. हितं कोण बघत नाय," तो म्हणाला. मराठी ऐकून मी रडायच्या बेतात आलो होतो, हे मी पुढे कधी कबूल केलं नाही. त्यांनी दुधाचा चहा दिला, तोही अर्धा कप. बाकीचा अर्धा स्वतः घेतला. अर्धा तू, अर्धा मी, असा तो चहा पुढे कितीतरी वर्षं चालला. बोलणं फार नसायचं. म्हणजे, त्यांचं नसायचं. मी बोलायचो आणि ते खोक्याला टेकून डोळे मिटून ऐकायचे.

फोटो त्यांनी मला पहिल्यांदा दाखवले ते बिस्किटांच्या डब्यातून. काळेपांढरे, दमट हवेने कडा वळलेले. स्टोअरमध्ये येण्याआधी, तरुणपणी, हसनभाई इथल्याच मुहर्रकच्या विमानतळावर किचनमध्ये होते. साठीच्या दशकातली गोष्ट. पूर्वेकडे जाणारी विमानं तेल भरायला इथे उतरायची. तसंच एक विमान उतरलं आणि बिघडलं. त्यात ते चौघे होते... त्या काळी ज्यांना बघून जगभरच्या मुली किंचाळून बेशुद्ध पडायच्या ते चौघे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण लिहिलं की हा लेख त्यांचा होईल, आणि त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. प्रवाशांच्या हॉलमध्ये गर्दी होईल म्हणून त्यांच्या मॅनेजरने त्यांना किचनमागच्या खोलीत बसवलं. किचनमधली माणसं डगला आणि टोपी चढवायची ती खोली. दोन बाकं, खुंट्या आणि एक आरसा. हसनभाई चहा घेऊन आत गेले. त्यांच्याकडे कुणा विमान-कर्मचाऱ्याकडून घेतलेला बॉक्स कॅमेरा होता. त्यांनी तो पुढे करून भुवया उंचावल्या. जागा असलेल्या एकाने मान हलवली. झालं.

एका फोटोत एकजण किचनच्या बादलीत पाय सोडून बसलाय. दुसऱ्यात एकजण स्वतःच्या कोटाचं बटण स्वतः लावतोय, दोरा दातात. आणि शेवटच्या फोटोत एक बाकावर, एक बॅगांवर, एक भिंतीला टेकून तोंड उघडं टाकून, असे तिघे झोपलेत, आणि चौथा हातात कप धरून आरशाकडे बघतोय. मी विचारलं, "काय बोलले ते तुमच्याशी?" हसनभाई म्हणाले, "काय नाय. दमले होते."

आता एवढी मोठी गोष्ट, आणि तिचा शेवट "दमले होते"? मला राहवलं नाही. मी ती दुरुस्त करायला घेतली. पहिल्या पार्टीत मी सांगितलं की त्यांनी चहा परत मागितला. पुढच्या पार्टीत त्यांनी आलं किती घातलं ते विचारलं. वर्षभरात हसनभाईंनी त्यांना थाळीवर ठेका वाजवून दाखवला आणि तोच ठेका पुढे एका गाण्यात आला, इथपर्यंत माझी मजल गेली. कळस झाला गणपतीत. इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हसनभाई माझ्या आग्रहाखातर येऊन शेवटच्या रांगेत बसले होते. मी माइकवरून त्यांची ओळख करून दिली, "ज्यांच्याकडून त्या चौघांनी ठेका शिकला..." टाळ्या पडल्या. कुणीतरी माइक त्यांच्यापर्यंत नेला. ते उठले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नाय हो. तसा काय झाला नाय." लोक हसले. आणि त्या दिवसापासून लोकांनी सगळंच खोटं धरलं. ठेका खोटा, चहा खोटा, फोटोसुद्धा कुठून तरी विकत आणलेले. माझ्या थापा त्यांच्या खऱ्यावर बसल्या आणि खरं बिचारं खालीच राहिलं.

त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. लोकांचं त्यांना काही वाटायचं नाहीच. वाटायचं ते एकीचं, नातीचं. शमीम लग्नानंतर नवऱ्याबरोबर मनामाजवळच्या जनाबियाला राहायला आली, तिची मुलगी सना इथेच इंग्रजी शाळेत वाढली. शमीमच्या सगळ्या लहानपणात हसनभाई सुट्टीपुरते बाप होते. दोन वर्षांनी एकदा गावी जायचे, पोरगी ओळख धरेपर्यंत परत निघायचे. सना मात्र दर शुक्रवारी भेटायची. आणि सनाला गाण्यांचं वेड लागलं ते नेमकं त्याच चौघांचं, तीस वर्षांनंतर. तिच्या खोलीत त्यांचे मोठे रंगीत फोटो. हसनभाईंनी डबा उघडून आपले फोटो दाखवले तर ती म्हणाली, "एनीवन कॅन बाय दीज, नाना." ती मराठी सगळं समजायची, उत्तर इंग्रजीत द्यायची. ते मला स्टोअरमध्ये हे सांगत होते तेव्हा चहाचा कप त्यांच्या हातात तसाच थांबला होता. "मी तिला बोललो, मीच काढले. तर बोलते, ऑफिसवाले अंकल पण असंच बोलतात." ऑफिसवाला अंकल म्हणजे मी.

त्यांचा व्हिसा संपत आला होता. यावेळी तो वाढणार नव्हता. खलास करून कायमचं गावी जायचं होतं. जाण्याआधी पोरीला पटावं, एवढंच त्यांना हवं होतं. शेवटचा फोटो त्यांनी माझ्या हातात दिला. "ह्याची कड फाटाय लागली हाय. काच लावून आण. शुक्रवारी जेवायला ये घेऊन. बाकी काय करू नको." निगेटिव्ह केव्हाच एकमेकांना चिकटून गेल्या होत्या. होता तो हा एक कागद.

"बाकी काय करू नको" हे वाक्य माझ्यासारख्याला कधीच कळत नाही. मी सुपरमार्केटच्या सेलमधून एक सोनेरी, नक्षीदार चौकट घेतली. इतकी देखणी की तिच्यात सुलतान शोभला असता. ती घेऊन मनामाच्या बाजारात एका फ्रेमवाल्याकडे गेलो. तो केरळचा होता. फोटो ठेवून बघितला आणि म्हणाला, "साब, फोटो बड़ा है. थोड़ा काटना पड़ेगा." मी म्हटलं, "जिधर खाली है उधर से काट दो." त्याने डावीकडे बोट ठेवलं. "इधर खाली शीशा है. धब्बा जैसा दिखता है." मी घड्याळ बघत म्हटलं, "काट दो, यल्ला, जल्दी." आता तुम्ही विचाराल, हा फोटो तू शंभर वेळा लोकांना सांगितलास, त्यात काय आहे ते तुला ठाऊक नव्हतं? नव्हतं. तो मी कधी नीट बघितलाच नव्हता. मी तो फक्त सांगत आलो होतो.

शुक्रवारी जनाबियाला जेवण झालं. शमीमने सांदणं केली होती, मी लाज सोडून खाल्ली. मग मी कागदात गुंडाळलेली चौकट जादूगाराच्या थाटात काढली. सगळे वाकून बघू लागले. हसनभाईंनी सनाला जवळ बोलावलं. "हितं बघ. आरशात कोण हाय बघ," म्हणून बोट काचेच्या डाव्या कडेला नेलं... आणि बोट सोनेरी लाकडावर थांबलं. ते थोडा वेळ बोट तसंच ठेवून होते. सना म्हणाली, "व्हेअर, नाना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. जिना चढून आल्यावर वर आणखी एक मजला आहे असं कळल्यावर माणूस बघतो ना, तसं. "पुणेकर, आरसा कुठं हाय?"

कापलेली कड शोधायला आम्ही दोघं माझ्या गाडीतून बुदैयाच्या रस्त्याने मनामाला निघालो. मी भडाभडा माफी मागत होतो, फ्रेमवाल्याला, सेलला, चौकटीला शिव्या देत होतो. हसनभाई सीटवर मान टाकून बाहेर बघत होते. दोन्ही बाजूंना खजुरांच्या बागा, मध्येच नवे बंगले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "त्या दिवशी माझी डबल शिफ्ट होती. पाय भरून आले होते. आत गेलो तर ती पोरंपण तशीच. मला बरं वाटला. एवढी मोठी माणसं, पण दमली की आपल्यासारखीच पडतात." थोडं थांबून, "ता बघायला काढला मी फोटो. तुझा ठेकाबिका काय नव्हता त्यात." मी गप्प बसलो. माझ्या हिशेबी हा विक्रम होता.

दुकान संध्याकाळच्या नमाजानंतर उघडलं. फ्रेमवाल्याने मुकाट्याने कचऱ्याचं खोकं पुढे ओढलं. त्यात नुसत्या कडा होत्या. कुणाच्या लग्नातली अर्धी मावशी, कुणाचा खांदा, समुद्राची पट्टी, पाळण्याचा पाय. मी इस्त्रीच्या शर्टात जमिनीवर बसून उपसत होतो, आणि दोनदा हर्षाने ओरडून भलत्याच कुणाचा तरी आरसा वर काढला. शेवटी हसनभाईंनीच बोट दाखवलं. बोटभर रुंदीची पट्टी. तिच्यात आरशाचा उजवा भाग, आणि त्यात पांढऱ्या डगल्यातला एक माणूस, पोटाशी कॅमेरा धरून वरून त्यात डोकावणारा. बॉक्स कॅमेऱ्यात मान खाली घालून बघावं लागतं, म्हणून चेहरा नाहीच. भांग, आणि एक मोठा कान.

परत जाऊन पट्टी सनाच्या हातात दिली. तिने ती चौकटीशेजारी धरली. भिंतीला टेकलेल्याच्या बुटाचं टोक पट्टीवर होतं, ते बाकीच्या बुटाला जाऊन मिळालं. मग तिने पट्टी डोळ्यांजवळ नेली, नानांकडे बघितलं, आणि स्वतःच्या कानाला हात लावला. तोच कान. शमीमलाही तोच. "ओ माय गॉड, नाना!" ती ओरडली, "व्हॉट डिड दे से टु यू?" मी हसनभाईंकडे आशेने बघितलं. आता तरी एखादा ठेका, एखादं आलं... "काय नाय बेटा," ते म्हणाले. "दमले होते." सनाचा चेहरा पडला, तो मला दिसला. त्यांनाही दिसला असणार. पण त्यांनी एक अक्षर वाढवलं नाही. पट्टी मात्र तिने परत दिली नाही, कंपासपेटीत ठेवून दिली.

जाण्याच्या दिवशी ते चौकट घेऊन माझ्याकडे आले. मी म्हटलं, गावी न्या, घरात लावा. "नको. हे चार तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लय बोलायला लावलंस तू ह्यांना. आता झोपू दे." मग आम्ही चहा घेतला. अर्धा ते, अर्धा मी. विमानतळावर त्यांनी मागे वळून हात केला नाही. मी केला, तो दुसऱ्याच कुणाला तरी वाटला आणि त्याने उलट केला.

त्यांना जाऊन चाळीसावा दिवस झाल्यावर शमीम गावाहून परतली आणि परवा सनाला घेऊन माझ्याकडे आली. सना आता उंच झालीय. ती थेट भिंतीकडे गेली. पाकिटातून ती पट्टी काढली. कोपरे झिजलेत, पण कान शाबूत आहे. चौकटीच्या डाव्या अंगाला भिंतीवर धरून उभी राहिली. मी टेप आणून दिला. बुटाचं टोक बरोबर जुळेना, मध्ये सोनेरी लाकडाची जाडी येते. ती माझीच करणी. तरी तिने पट्टी तिथेच चिकटवली. मग विचारलं, आणि मराठीत विचारलं, "नानापण दमले होते ना?"

"हो," मी म्हटलं.

"मग ते कधी झोपले?"

माझ्या जिभेवर काहीतरी आलं होतं. छान होतं, शमीमला हसू आलं असतं. पण त्या डबल शिफ्टनंतर ते घरी कसे गेले, कधी झोपले, हे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. "माहीत नाही गं," मी म्हटलं, आणि चहा ठेवायला आत गेलो.

फोटोतल्या त्या जागत्या पोराची नजर इतकी वर्षं चौकटीच्या लाकडावर जाऊन थांबायची. आता लाकडापलीकडे भिंतीवर, मान खाली घालून, हसनभाई उभे आहेत.